पाठ टेकण्यापुरती जागा

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे. सामानाचा टेम्पो आमच्या आधी पोचला होता. घर तिसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे आणि ती चालते. बाबांनी मुद्दाम दोन फेऱ्या मारून तिची परीक्षा घेतली आणि पास केलं. बाहेरची खोली मोठी, आतली बेताची, स्वयंपाकघर चिंचोळं पण उजेडाचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली बाबांची कॉट लावली. तिथून रस्ता दिसतो, आणि रस्ता दिसला की बाबांना दुसरं काही लागत नाही. उभा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून गेला. उभा म्हणजे खरोखरच उभा. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात. निवृत्त झाले त्या दिवशी आईला म्हणाले होते, आता मी फक्त लोळणार. आई गेली, पण त्यांनी शब्द पाळला.

संध्याकाळपर्यंत मी स्वयंपाकघर लावून टाकलं. चहा-साखर गॅसपासून हाताच्या अंतरावर, रोजची भांडी कमरेच्या उंचीला, क्वचित लागणारी वर. बाबा दाराला टेकून बघत होते. म्हणाले, उद्या इथे एकेरी वाहतूक सुरू करशील आणि मला चहासाठी वळसा घालून यावं लागेल. दादाचा फोन आला तेव्हा त्यालाही हेच ऐकवलं. वहिनी मागून म्हणत होती की बाबांना करमलं नाही तर लगेच इकडे पाठवून दे. बाबा म्हणाले, मला करमेल गं, हिला माझ्यावाचून करमणार नाही त्याचं काय.

४ फेब्रुवारी

ज्याची मांडणी बदलायला मला इथे नेमलंय ते गोदाम बघितलं आणि हात शिवशिवायला लागले. इतकी सुंदर गैरसोय फार दिवसांत पाहिली नव्हती. घरगुती सामानाचं गोदाम आहे: बादल्या, पंखे, इस्त्र्या, खुर्च्या, उशा, गाद्या. रोज सगळ्यात जास्त खपतात त्या बादल्या, आणि त्या ठेवल्यात पार टोकाला, दारापासून सगळ्यात लांब. दाराजवळ काय, तर वर्षातून कधीतरी जाणारी झोपाळ्याची कडी. जड मिक्सर वरच्या फळीवर, हलक्या उशा जमिनीवर. येणारा माल आणि जाणारा माल एकाच दारात एकमेकांची गचांडी धरतात. लोक दिवसभर नुसते चालत असतात आणि ऑर्डरी तरी उशिराच निघतात.

गोदामप्रमुख गोल, मऊ आवाजाचे गृहस्थ आहेत. म्हणाले, तुम्हाला हवं ते उलटंपालटं करा, फक्त काम बंद पडायला नको. माझं शास्त्र म्हणजे चांगलं फडताळ लावण्याचंच आहे, फक्त फडताळ मोठं, असं मी म्हटलं तेव्हा ते मनापासून हसले. पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांची मुख्य आहे तिला सगळे अक्का म्हणतात. वयस्कर, सडसडीत, चिकटपट्टी दाताने तोडते. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं की ताई, तुम्ही भिंती पाडणार की माणसं कमी करणार? मी म्हटलं, दोन्ही नाही, फक्त पाय वाचवणार. तिला ते पटलं असावं. चहा तिनेच आणून दिला.

८ फेब्रुवारी

हा आठवडा लोकांच्या मागे फिरण्यात गेला. गोदामाचा नकाशा घ्यायचा आणि माल गोळा करणारा प्रत्येक माणूस जिथून जिथून जाईल ती वाट त्यावर पेन्सिलीने ओढायची. शेवटी कागदावर लोकरीचा गुंडा सुटल्यासारखा गुंता तयार होतो. तो गुंताच सांगतो की पाय कुठे वाया जातात.

आज सगळे कागद एकावर एक धरून खिडकीशी नेले. मधोमध एक पांढरा चौकोन राहिलाय. लांबट, एखाद्या पलंगासारखा. बाकी सगळीकडे रेघांचं जंगल आणि तिथे एकही रेघ नाही. प्रत्येक वाट तिथवर येते आणि वळसा घालून जाते.

गोदामाच्या ऐन मध्यावर, सगळ्यात मोक्याची जागा, आणि तिथे काहीच ठेवलेलं नाही. खांब नाही, खड्डा नाही. नुसती फरशी.

१३ फेब्रुवारी

त्या मोकळ्या तुकड्याबद्दल विचारत बसले. एक म्हणाला, तिथे उतार आहे. मी पाणसळ लावून बघितली, फरशी पाण्यासारखी सपाट. दुसरा म्हणाला, उजेड कमी आहे. बरोब्बर वर दिवा आहे. तिसरा म्हणाला, आधीपासूनच तसं आहे. फोर्कलिफ्ट चालवणारा, ज्याला सगळे सारथी म्हणतात, तो म्हणाला की गाडी तिथे वळवायला बरी पडते. पण वळवताना मी बघितलंय, तो कडेकडेनेच वळवतो. अक्का टेप फाडत म्हणाली, राहू दे की ताई तेवढी मोकळी. कुणाचं काय अडतंय?

अडत कसं नाही? तेवढ्या जागेत रॅक उभे केले की रोज खपणारा सगळा माल मध्यावर येतो. सगळ्यांची चाल जवळजवळ निम्मी होते. बाबांना नकाशा दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. म्हणाले, गर्दीच्या बसमध्ये अशी एक जागा रिकामी दिसायची कधीकधी. लोक उभे, पण तिथे कुणी बसत नाही. बहुतेक वेळा कुणाला तरी ओकारी झालेली असायची.

मी हसून आराखडा पूर्ण केला. गोदामप्रमुखांनी बघितला, मान डोलावली. त्यांच्यासोबत गोदामातून चालत गेले तेव्हा त्यांनीही वळसा घातला. लक्षात आणून दिलं तर स्वतःच चकित झाले. सवय हो, म्हणाले. आराखड्याखाली माझी सही झाली.

२५ फेब्रुवारी

रॅक उभे राहिले. दोन रांगा आणि मधे एक गल्ली, दोन ट्रॉल्या आरामात जातील इतकी रुंद. जमिनीत बोल्ट ठोकताना कारागिराचं ड्रिल दोनदा बंद पडलं, पण ते जुनंच होतं. अक्का टेबल सोडून येऊन उभी राहिली, बघितलं आणि परत गेली.

१ मार्च

यशाची बातमी. आज सगळ्या ऑर्डरी दिवसाउजेडीच निघाल्या आणि ट्रक वेळेवर गेला, असं इथे म्हणे कधी झालं नव्हतं. गोदामप्रमुखांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. मला खास दोन.

येताना बाबांसाठी जाड गादी घेऊन आले, चांगल्या कापसाची. बाबा तिच्यावर आडवे झाले आणि म्हणाले, आता मला यमदूतही उठवू शकणार नाही, त्याला म्हणावं खालीच थांब. आडवे झाल्या झाल्या घोरायला लागले. मी उगीच दारातून बघत राहिले. ज्याचे पाय माझ्यासाठी झिजले तो माणूस असा पाय पसरून झोपलाय, याहून मोठं बक्षीस मला नको.

६ मार्च

एक विचित्र गोष्ट. लिहून ठेवावी की नाही कळत नाही.

नव्या गल्लीत लोक अंग आडवं करून जातात. खांदा पुढे, पोट आत, जसं दाटीतून जावं तसं. इतकी रुंद गल्ली! मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना, लेबलं तपासायला गेले. मधोमध आल्यावर माझाही खांदा वळला. मी अंग चोरलं आणि तोंडातून सहज निघालं, जरा सरका.

आणि कुणीतरी सरकलं.

दिसलं काही नाही. पण अंगाला अंग घासून कुणी बाजूला झालं की शेजारची हवा कशी सैल होते, तशी झाली. मी सरळ चालत बाहेर आले. लेबलं तपासायची राहिली. मागे वळून बघितलं नाही. का बघितलं नाही, याचाच विचार करतेय.

७ मार्च

येताना बस खच्चून भरलेली. मला खिडकीशी जागा मिळाली. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी. कडेवर मूल घेतलेली बाई समोर उभी होती, तिला बसा म्हटलं. तिने जागेकडे बघितलं, नको म्हणाली, आणि थोडी पुढे सरकून उभी राहिली.

घरी बाबांनी दार उघडलं. मी आत आले, चपला काढल्या, तरी ते दार धरूनच उभे. मग हळूच लावलं. विचारलं तर म्हणाले, मला वाटलं तुझ्या मागून कुणी येतंय. नंतर जरा ओशाळून हसले.

१० मार्च

रविवार. बाबा नव्या गादीच्या अगदी कडेला बसून पेपर वाचत होते. अर्धं अंग बाहेर. मी म्हटलं, पडाल. ते म्हणाले, सवय आहे, दोघांच्या बाकावर तिसरा म्हणून टेकून दिवस काढलेत.

मग पेपर खाली ठेवून, जसं शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं, सांगायला लागले. तीन दिवसांपासून घरात एक माणूस आहे. चेहरा नीट दिसत नाही, उंच आहे, उभा असतो. मी विचारलं, बाबा, तुम्हाला भीती नाही वाटत? म्हणाले, भीती कसली गं. आयुष्यभर अशीच माणसं बघितली. कामावरून सुटलेली, दांडी धरून उभ्या उभ्या पेंगणारी. हा त्यांतलाच. फार दमलाय. मी त्याला म्हटलं, बस रे बाबा, मी सरकतो.

मला हसून घालवता आलं नाही. बाबांचं वय झालंय, असं दादाला फोनवर सांगितलं. पण मी सरका म्हटल्यावर गल्लीत जे सरकलं ते मला आठवत होतं, आणि ते दादाला सांगितलं नाही.

१२ मार्च

आज सकाळी लक्षात आलं. स्वयंपाकघरातून दाराकडे जाताना मी खोलीच्या मधून सरळ जात नाही. वळसा घालते. बाबाही घालतात. चहाचा कप हातात घेऊन, न सांडता, न ठरवता.

कागद घेऊन घराचा नकाशा काढला. आमच्या दोघांच्या वाटा ओढल्या. मधोमध पांढरा चौकोन आला.

कागद फाडून टाकला.

१४ मार्च

अक्काला गाठलं. तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं, बाबांसकट. तिने टेप खाली ठेवली. मग तिने जे सांगितलं ते असं.

रॅक नव्हते तेव्हाची गोष्ट. जुना मालक इंचभर जागा वाया जाऊ देत नसे. छतापर्यंत गासड्या रचायच्या आणि मधे माणूस जेमतेम अंग आडवं करून जाईल एवढीच फट ठेवायची. एक हमाल होता, उंच, सगळे त्याला ताडमाड म्हणायचे. एक दिवस तो त्या फटीत असताना दोन्हीकडच्या थप्प्या हलल्या आणि एकमेकींना टेकल्या. तो मधे. उभ्याचा उभा. छाती दाबलेली, त्यामुळे ओरडताही आलं नसणार. लोकांनी दोन-चार हाका मारल्या. मुकादमाशी सकाळी भांडण झालं होतं, रागाने घरी गेला असेल म्हणाले. काम चालू राहिलं. त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ये-जा करत राहिले. अक्का म्हणाली, मी पण गेले ताई. खरवडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं, उंदीर.

माल निघत निघत तिथवर आला तेव्हा तो सापडला. अजून उभाच. अक्का म्हणाली, माणूस मेला की निदान पडतो. त्याला पडायलाही जागा नव्हती.

त्यानंतर तिथे कुणी काही ठेवलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. पण फरशी मोकळी राहिली आणि सगळे म्हणायचे, निजलाय, निजू दे. मी विचारलं की मला आधी का नाही सांगितलं? अक्का म्हणाली, तुम्ही हसला असता.

हसले असते.

१५ मार्च

गोदामप्रमुखांना रॅक काढा म्हटलं. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. नंतर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, हे सगळं ऐकून आहे मी. पण आकडे किती चांगले आलेत ते तुम्हीच बघा, आणि आत्ता रॅक भरलेले आहेत, माल कुठे ठेवू? शिवाय तिथे आता कुणाला काही त्रास नाही. लोक सरळ चालायला लागलेत.

ते खरं आहे. मी जाऊन बघितलं. गेला आठवडाभर त्या गल्लीत कुणी अंग चोरत नाही म्हणे. तिथे आता कुणी नाही.

१८ मार्च

कामावरून आले तर बाबा कॉटवर नव्हते. गादीच्या मधोमध खळगा पडलेला, डोक्यापासून पायांपर्यंत लांब. बाबांपेक्षा खूप लांब. पाय ठेवायला गादी पुरत नव्हती, कडेची चादर खाली ओघळली होती.

बाबा लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत होते. उभे. हात सरळ खाली.

मी किंचाळले असेन. ते शांतपणे म्हणाले, ओरडू नकोस, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. किती दिवसांनी पाठ टेकलीय त्याने.

बाहेर या म्हटलं. म्हणाले, येतो, पण बसू कुठे? जागा नाही. अख्खी खोली रिकामी होती. मी त्यांना ओढून माझ्या खोलीत नेलं, माझ्या पलंगावर बसवलं. बसल्या बसल्या घामाने डबडबले. जागा नाही, जागा नाही म्हणत उठले. परत जाऊन फटीत उभे राहिले तेव्हा शांत झाले.

२० मार्च

डॉक्टर घरी आले. फुप्फुसं स्वच्छ, रक्तदाब ठीक. वयामुळे होतं म्हणाले, झोपेची गोळी दिली.

गोळीने बाबा झोपले. उभ्यानेच. गुडघे वाकले नाहीत, मान लवंडली नाही. दोन्ही बाजूंनी कुणी धरून ठेवल्यासारखे. त्यांच्या सदऱ्याचा पुढचा भाग छातीवर इस्त्री केल्यासारखा चपटा बसलाय. श्वास घेतात पण छाती वर येत नाही.

पाय सुजलेत. मी खाली बसून पाय चेपत होते. बाबा म्हणाले, तू नको गं बसूस खाली, तुडवेल कुणीतरी.

२२ मार्च

सकाळी गोदामात गेले ती सरळ पान्हा घेऊन. रॅकवरचा माल स्वतःच्या हातांनी उतरवायला लागले. कुणीतरी गोदामप्रमुखांना बोलावलं. ते आले, माझ्याकडे बघितलं आणि मागे सरले. सारथी मधे पडला, साहेब, राहू द्या, मी करतो म्हणाला. मग बाकीचेही आले. अक्काने टेबल बंद केलं. संध्याकाळपर्यंत बोल्ट निघाले. फरशी मोकळी.

अक्काने ती पुसून काढली. मी गुडघ्यांवर बसून हात जोडले, झालं माझं चुकलं, ये परत, म्हटलं. कुणी हसलं नाही.

२४ मार्च

परत गेला नाही.

गादीवर तसाच आहे. कूस वळतो तेव्हा कॉट वाजते. मी बाबांना विचारलं, तिथे आता जागा केलीय, मग का जात नाही? बाबांना बोलायला त्रास होतो, दोन शब्दांमागे थांबतात. तरी म्हणाले, कोण गं... गादी सोडून... फरशीवर जाईल.

आणि हसले. तेच त्यांचं हसू.

२६ मार्च

दादाला सांगितलं, बाबांना घेऊन जा. दादा गाडी घेऊन आला. माझ्याशी नीट बोलला नाही, तू म्हाताऱ्या माणसाची काय दशा केलीस म्हणाला. तीन जण लागले फटीतून काढायला. मागच्या सीटवर आडवं करता येईना. उभं राहायचंय म्हणून रडत होते. बाबांना रडताना मी आईच्या वेळीही बघितलं नव्हतं.

गाडी गेली. वर आले. कॉट वाजली.

२८ मार्च

वहिनीचा फोन. घाबरलेली. बाबा फ्रीज आणि भिंतीच्या मधे जाऊन उभे राहिलेत — काढलं तर परत जातात — ओठ निळे पडलेत — डॉक्टर म्हणतात भरती करा, पण तिथे तरी झोपवणार कसं —

तिने विचारलं, तुमच्याकडे नक्की काय झालं?

मी काय सांगू. मी एकाची जागा काढून घेतली. त्याने एकाची घेतली. एकाला उभं राहावंच लागतं. हिशेब इतकाच आहे — आणि त्यात बाबांचा काय संबंध? आराखडा माझा. सही माझी. बाबांनी तर फक्त सरकून जागा दिली.

३० मार्च

दुपारची वेळ. खिडकीतून ऊन थेट गादीवर पडलंय. खळगा स्पष्ट दिसतो. डोकं, खांदे, टाचा.

त्याच्याजवळ खुर्ची घेऊन बसले. मोठ्याने बोलले. झोप तू. तुला कुणी उठवणार नाही. पण माझ्या बाबांना सोड, ते आयुष्यभर उभे राहिलेत. त्यांच्या जागी मी राहते.

काही झालं नाही. पंखा फिरत होता.

मग कॉटचा आवाज थांबला. ऐकतंय कुणी, असं वाटलं.

मी उठले. बाबा गेल्यावर फटीत ठेवलेली शिडी आणि केरसुणी बाहेर काढली. आत जाऊन उभी राहिले —

इतकं अवघड नाही. भिंत गार आहे.

३१ मार्च

वहिनीचा फोन. रडत-हसत. बाबा आपले आपण बाहेर आले, पाणी प्यायले, दिवाणावर आडवे झाले आणि घोरतायत. ओठांना रंग आला. दादाने फोन त्यांच्या तोंडाजवळ नेला, मला घोरणं ऐकवलं. किती वेळ ऐकत होते. वहिनीने विचारलं, तू बसलीयस ना नीट, आवाज असा का येतोय? म्हटलं, बसलेय.

फोन ठेवून खुर्चीकडे जायला निघाले. जाता येईना असं नाही. पण खुर्ची — खुर्चीवर जागा नाही. पलंगावर नाही. जमिनीवरही — सगळीकडे काहीतरी छतापर्यंत रचलेलं —

आत आले. आता बरं वाटतंय.

३ एप्रिल

वही कपाटाच्या बाजूला टेकवून लिहिते. कोपर हलत नाही, फक्त मनगट. अक्षर वेडंवाकडं.

दारावर कुणीतरी. अक्काचा आवाज. ताई, आहात का? मी ओ दिली — छाती भरली नाही — आवाज झालाच नसेल. मग कपाटावर नख ओढलं. ओढत राहिले. ती थांबली. ऐकत होती, मला कळत होतं. मग जिन्यावर पावलं. खाली.

तिला काय वाटलं असेल ते मला

नाही, त्याचा विचार नको.

बाबा झोपलेत. तिकडे. पाय पसरून. तेवढं बास.

एप्रिल

वार माहीत नाही.

तो उठत नाही. गाढ आहे. मला राग नाही — इतका दमलेला कुणी मी —

कपाट जवळ आलंय का. की भिंत. आधी हात पुढे जायचा.

बाबांना सांगा गादी नवी घ्या. ही नको. आणि मला शोधायला

पाय दुखतात. बाबा, तुमचे इतके दुखायचे? कधी बोलला नाहीत

पेन निसटतंय. पडलं तर वाकायला जा